दुसरी खिडकी, उजवी बाजू

पुण्याहून गोव्याला जाणाऱ्या आयटीवाल्यांचे ढोबळ दोन प्रकार असतात. एक बागा-कळंगुटवाले आणि दुसरे ‘आम्हाला नाही बाई ती गर्दी आवडत’ म्हणत पाळोळ्याला जाणारे. शेवटी दोघांच्याही फोटोंत समुद्र, शॅक आणि बिअरची बाटली एवढंच असतं. मी आजवर दोन्ही प्रकारांनी जाऊन आलेय. गेल्या डिसेंबरात मात्र तिसऱ्या प्रकारे गेले. आई-बाबांना घेऊन.

खरं तर आम्ही निघालो होतो राजापूरकडच्या आमच्या गावी. आजी गेल्याला पाच वर्षं झाली आणि तेव्हापासून घर बंद आहे. गेल्या पावसाळ्यात मागची पडवी बसली. घराचं करायचं काय हे ठरवायला बाबा आणि दोन्ही काका ओटीवर तीन तास बसले. मोठे काका म्हणाले, विकून टाकू. धाकटे काका म्हणाले, पाडून सपाट करू, निदान जागा तरी राहील. बाबा काहीच बोलले नाहीत. आईने तीनदा चहा केला. मीटिंगचा निष्कर्ष आमच्या ऑफिसातल्या बहुतेक मीटिंगांसारखाच निघाला: ‘बघू.’ सुट्ट्या अजून शिल्लक होत्या, म्हणून तिथूनच पुढे गोवा.

मंगेशी झालं, शांतादुर्गा झाली, आणि तिसऱ्या दिवशी जुनं गोवं. बॉम जेझूच्या चर्चसमोर बसगाड्यांची रांग आणि आत ही गर्दी. समोर से कॅथेड्रल, तिथेही तेच. मी म्हटलं, वर टेकडीवर एक पडकं चर्च आहे, जायचं का? आई म्हणाली, “पडकं बघायला एवढ्या लांब कशाला, आपलं आहे की.” बाबा मात्र लगेच चालायला लागले.

त्या टेकडीचं पोर्तुगीज नाव मोन्ते सांतो, म्हणजे पवित्र डोंगर. बॉम जेझूपासून चढ चढून दहा-एक मिनिटं. आणि मग एकदम समोर येतो तो मनोरा. सेंट ऑगस्टीन चर्चचा. ४६ मीटर उंच, जांभ्या दगडाचा, आणि उभा चिरल्यासारखा अर्धाच उरलेला. पंधरा मजली टॉवरात राहणाऱ्या माणसाला ४६ मीटरचं काय कौतुक, असं वाटेल. पण आजूबाजूला काहीच नसताना, फक्त आकाशावर टेकलेली ती अर्धी भिंत बघितली की आपोआप दोन पावलं मागे सरकायला होतं.

थोडा इतिहास सांगते, फार नाही. ऑगस्टीन पंथाच्या साधूंनी हे चर्च १५९७ मध्ये बांधायला घेतलं आणि १६०२ च्या सुमारास ते पूर्ण झालं. आत आठ चॅपेलं, चार वेद्या आणि शेजारी साधूंच्या खोल्यांचा भलामोठा मठ. पुढे जुनं गोवं साथींनी ओस पडत गेलं. व्हाइसरॉय १७५९ मध्येच पणजीला राहायला गेला आणि १८४३ मध्ये राजधानीही अधिकृतपणे तिकडे गेली. त्याआधी, १८३५ मध्ये, पोर्तुगीज सरकारने धार्मिक पंथांवर बंदी आणली आणि साधूंना मठ सोडावा लागला. १८४२ मध्ये चर्चचं कमानदार छत कोसळलं. १९३१ मध्ये दर्शनी भाग आणि मनोऱ्याचा अर्धा हिस्सा गेला. घंटा आधीच हलवली होती म्हणून वाचली. ती आता पणजीच्या त्या प्रसिद्ध पांढऱ्या जिन्यांच्या चर्चमध्ये आहे. म्हणजे तिथे जिन्यावर उभं राहून तुम्ही डीपीसाठी फोटो काढला असेल, तर ही घंटा तुमच्या डोक्यावरच होती.

हे सगळं मी फोनवर वाचून दाखवत होते. बाबा भिंतीला हात लावून उभे होते. मध्येच म्हणाले, “पुन्हा सांग. माणसं कधी गेली?”

“१८३५.”

“आणि छप्पर?”

“१८४२.”

“म्हणजे सात वर्षं.” मग थोड्या वेळाने, “आपली पाच झाली.”

यावर मला काही सुचेना. मी दगड बघायला लागले.

बाबांनीच मग मला तो दगड समजावला. आयुष्यभर बँकेत नोकरी केली असली तरी माणूस चिऱ्याच्या घरात वाढलेला. खाणीतून काढताना जांभा इतका मऊ असतो की हत्याराने सहज तासता येतो. हवा लागली की कडक होत जातो. म्हणून कोकण-गोव्यात घर म्हटलं की चिरा. पण त्याच्या अंगभर छिद्रं. गोव्यात वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तो सरळ भिंतीवर पडत राहिला तर चिरा पाणी पीत राहतो. म्हणून वर छप्पर आणि अंगावर चुन्याचा गिलावा, ही त्याची दोन कवचं. खाली बॉम जेझूचं चर्च लालसर दिसतं ना, ते मुळात तसं नव्हतं. १९५० च्या दशकात त्याचा गिलावा काढून टाकला, दगड उघडा दिसावा म्हणून. आता तो परत लावावा की नाही यावर गोव्यात वाद चालतो. हे मला नंतर वाचून कळलं. बाबांनी खालीच भिंत बघून म्हटलं होतं, “याला कपडे का नाही घातले?”

“भिंत पडत नाही गं आधी,” बाबा म्हणाले. “आधी एक कौल सरकतं. मग वासा भिजतो. वासा गेला की भिंतीच्या डोक्यात पाणी. आई दरवर्षी मे महिन्यात शाकारणी करून घ्यायची, एक वर्ष चुकवलं नाही.” आई म्हणजे माझी आजी. पाच वर्षं शाकारणी झालेली नाही, हे त्यांनी बोलून दाखवलं नाही. मीही नाही.

आमच्या भाषेत सांगायचं तर मेंटेनन्स बंद केलेली सिस्टिम लगेच पडत नाही. ती चालू दिसते, आणि तोच घोटाळा असतो.

त्या चर्चसमोरच रस्त्यापलीकडे सेंट अँथनीचं छोटंसं चॅपेल आहे, पांढरंशुभ्र, व्यवस्थित. सतराव्या शतकाच्या सुरुवातीचं. तेही १८३५ मध्येच ओस पडलं होतं. पण त्याला १८९४ मध्ये परत उभं केलं आणि १९६१ मध्ये पुन्हा एकदा डागडुजी झाली. वर्ष तेच, टेकडी तीच, पाऊसही तोच. एकाला कुणीतरी परत आलं आणि दुसऱ्याला नाही, एवढाच फरक. अर्थात हे चॅपेल लहान, म्हणून जमलं. ते अवाढव्य चर्च परत बांधायला कुणाकडे पैसा आणि माणसं होती? सगळंच वाचवता येत नाही, हेही खरंच आहे.

पण मला त्या टेकडीवर खरं गुंतवलं ते वेगळ्याच गोष्टीने. ती सांगितल्याशिवाय पोस्ट संपवणार नाही.

जॉर्जियात (अमेरिकेतलं नव्हे, कॉकेशसमधलं) काखेती नावाचं राज्य होतं. तिथली राणी केतेवान. इराणच्या शाह अब्बासने तिला ओलीस ठेवलं. सुमारे दहा वर्षं ती शिराझमध्ये कैदेत होती. धर्म बदल, अशी अट होती. ती नाही म्हणाली. १६२४ मध्ये तिला तापलेल्या सळ्या-चिमट्यांनी हाल करून मारलं. तेव्हा शिराझमध्ये ऑगस्टीन पंथाचे पोर्तुगीज साधू होते. त्यांनी तिचे अवशेष मिळवले आणि त्यातला काही भाग १६२७ मध्ये गोव्याला, याच मठात आणला. जॉर्जियात ती संत मानली जाते. लिस्बनमधल्या याच पंथाच्या ग्रासा मठात तिच्या मृत्यूचं चित्र निळ्या-पांढऱ्या फरशांवर आहे.

आता प्रश्न: छत कोसळलंय, मठ ढिगाऱ्याखाली, वर झाडं उगवलीत, आणि त्यात चारेकशे वर्षांपूर्वीची दोन-चार हाडं शोधायची. कशी शोधणार?

उत्तर: डॉक्युमेंटेशन. आपल्याला लिहायचा कंटाळा येतो ते. जुन्या पोर्तुगीज कागदांत जागा नोंदवलेली होती. मठाच्या चॅप्टर चॅपेलमध्ये, म्हणजे साधू जिथे सभेला जमत त्या चॅपेलमध्ये, ‘एपिस्टल’ बाजूच्या दुसऱ्या खिडकीत, दगडी पेटीत. एपिस्टल बाजू म्हणजे वेदीकडे तोंड करून उभं राहिलं की उजवा हात. मला त्या लिहिणाऱ्याचं फार कौतुक वाटलं. ‘डावीकडे’, ‘दाराजवळ’ असं काही मोघम नाही. संदर्भबिंदू पक्का, दिशा पक्की, आकडा पक्का. फक्त तुम्हाला आधी चॅपेल आणि वेदी सापडायला हवी.

तिथेच घोडं अडलं होतं. १९८९ पासून जॉर्जियाहून शोधायला माणसं येत होती, पण अवशेष हाती लागत नव्हते. भारतीय पुरातत्त्व खातं ढिगारे उपसत, एकेक खोली ओळखत नकाशा जुळवत राहिलं. २००४ मध्ये चॅप्टर चॅपेलच्या त्या दुसऱ्या खिडकीच्या परिसरात एक लांब हाड सापडलं. पुढे हैदराबादच्या सीसीएमबीमध्ये त्याचा डीएनए तपासला. आईकडून मुलांकडे जाणारा जो डीएनए असतो, मायटोकॉन्ड्रियल, तो. त्याचा गट निघाला यू१बी. भारतातल्या बावीस हजारांच्या आसपास नमुन्यांत तो गट नव्हता, आणि जॉर्जियातल्या अवघ्या तीस नमुन्यांपैकी दोघांत होता. शास्त्रज्ञांनीही ‘बहुधा तिचंच’ असं जपूनच म्हटलं. पण कागद, जागा आणि रक्त, तिन्ही एकाच दिशेला बोट दाखवत होते.

२०१७ मध्ये हे अवशेष जॉर्जियाला दर्शनासाठी काही महिने पाठवले, मग मुदत वाढवून वर्षभर ठेवले. २०२१ च्या जुलैमध्ये भारताने त्यातला एक भाग जॉर्जियाला कायमचा भेट दिला. चारशे वर्षांनी बाई घरी पोचल्या. म्हणजे, थोड्या पोचल्या.

ते चॅप्टर चॅपेल आज तुम्हाला बघता येतं. वर आकाश, भिंती निम्म्या उंचीच्या, काही ठिकाणी फरशांचे निळे-पिवळे तुकडे अजून चिकटलेले. चर्चच्या आत पायाखाली थडग्यांचे दगड, त्यांवर कुळांची चिन्हं आणि पोर्तुगीज अक्षरं. पुरातत्त्व खात्याने तिथे पुन्हा चर्च उभारलेलं नाही. जे पडायचं ते पडलं, जे उभं आहे ते सांभाळलंय. आईला सुरुवातीला हे पटेना. “अर्धवट कशाला ठेवायचं? एक तर बांधा, नाही तर काढून टाका.” नंतर तीच अर्धा तास एका थडग्यावरची अक्षरं लावत बसली होती.

बाबा त्या खिडकीपाशी उभे राहून एवढंच म्हणाले, “कुणीतरी लिहून ठेवलं होतं, म्हणून सापडलं.”

परतीच्या वाटेवर त्यांनी सावंतवाडीला गाडी थांबवायला लावली आणि काकांना फोन केला. स्पीकरवर. विकायचं नाही आणि सगळं पाडायचंही नाही. ओटी, माजघर आणि देवघर यांवर नवे वासे आणि कौलं, मेच्या आत. पडलेली पडवी परत बांधायची नाही, तिचं जोतं तसंच ठेवायचं. मोठे काका म्हणाले, “पैसे?” बाबा म्हणाले, “माझा वाटा मी आधी घालतो. तुम्ही जमेल तसं द्या.” पलीकडे बराच वेळ शांतता. माझा पण वाटा, असं मी मध्येच ओरडले, तर धाकटे काका हसले. मोठे काका अजून पूर्ण राजी नाहीत, आणि त्यांचं सगळंच चूक आहे असंही नाही. मुंबईत बसून गावचं छप्पर सांभाळणं सोपं नसतं. पण त्यांनी नाही म्हटलेलं नाही.

दरम्यान मी एक शेअर्ड शीट बनवलीय. घराचा नकाशा आणि प्रत्येक खोलीपुढे कुणाला काय आठवतं ते. आजीची फणी कोणत्या फडताळात, बाबांच्या जन्माच्या वेळी खाट कुठे होती, विहिरीचा रहाट कुणी बसवला. आत्याने एका रात्रीत चाळीस ओळी भरल्या. दोन ठिकाणी बाबा आणि काकांचं जमत नाही, तिथे दोन्ही ठेवल्यात.

असो. जाणार असाल तर सकाळी लवकर जा, वर सावली फारशी नाही. बूट घाला, जमीन खडबडीत आहे. मनोरा बघून लगेच परत फिरू नका, आत चॅप्टर चॅपेलपर्यंत जा. वेदीच्या दिशेला तोंड करा आणि उजव्या हाताच्या खिडक्या मोजा.