वर्षावास सरताना कान्हेरीच्या रानात

लेणी पाहायला जायचे म्हटले की आपण बहुधा डिसेंबर-जानेवारीचा बेत आखतो. तेव्हा शाळांच्या सहली निघतात, हवाही थंड असते. पण कान्हेरीला एकदा भाद्रपद-आश्विनात, म्हणजे सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत, मुलाबाळांसह जाऊन पाहा. पाऊस ओसरलेला असतो, पण ओढे अजून वाहत असतात. गवत कमरेएवढे वाढलेले असते आणि ऊन पडले की त्या हिरव्या रानावर फुलपाखरांची नुसती दाटी होते. उत्तरेकडून येणारे पाहुणे पक्षीही याच सुमारास हजर होऊ लागतात. पाहणाऱ्याला आणि फोटो काढणाऱ्याला वर्षातले हे सर्वांत उदार दिवस आहेत.

आपल्या दृष्टीने या दिवसांना आणखी एक अर्थ आहे. आषाढ पौर्णिमेला सुरू झालेला वर्षावास आश्विन पौर्णिमेला संपतो. भिक्खूंनी पावसाळ्यात एका जागी राहावे हा नियम का झाला, ते विनयपिटकात सांगितले आहे. पावसात फिरताना कोवळे गवत तुडवले जाते, बारीकसारीक जीव पायाखाली मरतात, अशी लोकांची तक्रार होती. तथागतांनी ती मानली आणि तीन महिने एका जागी राहण्याचा नियम घालून दिला. इतक्या मोठ्या संघाने किड्यामुंग्यांसाठी आपली वाट थांबवली, ही साधी गोष्ट नव्हे. पुढे सम्राट अशोकानेही राज्याभिषेकाला सव्वीस वर्षे झाल्यावर कोरलेल्या स्तंभलेखात पोपट, मैना, चक्रवाक अशा प्राण्यांची यादीच देऊन त्यांना मारण्यास मनाई केली आणि विनाकारण जंगले जाळू नयेत असेही बजावले.

कान्हेरी ही असा वर्षावास करण्याची जागा. इ. स. पूर्व पहिल्या शतकापासून पुढे सुमारे हजार वर्षे इथे भिक्खूंची वस्ती होती. काळ्या कातळात शंभराहून अधिक लेणी आहेत. त्यांतली बहुतेक राहण्यासाठीच कोरलेली. ओटा, निजायचा कट्टा आणि दाराशी पाण्याचे टाके. शिलालेखांत या टाक्याला पोढी म्हटले आहे. कल्याणच्या एका सोनाराने अशी पोढी दान दिल्याचा लेख इथे आहे. डोंगरावर पडणारे पाणी कातळातल्या पन्हळींतून या पोढ्यांत उतरते. दोन हजार वर्षांपूर्वी माणसांसाठी केलेली ही सोय आज पाखरांच्याही उपयोगी पडते.

जायचे कसे? बोरिवली स्थानकाच्या पूर्वेला उतरले की थोड्या चालीवर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे फाटक आहे. तिथून लेणी सुमारे सहा किलोमीटर आत. उद्यानाचे तिकीट वेगळे, लेण्यांचे वेगळे. सोमवारी लेणी बंद असतात. उद्यानाचा विस्तार शंभर चौरस किलोमीटरहून थोडा अधिक आहे. तुळशी आणि विहार हे मुंबईला पाणी देणारे दोन तलाव त्यातच येतात, आणि वारली बांधवांचे पाडेही आहेत. एवढ्या मोठ्या शहराच्या पोटात फुलपाखरांच्या दीडशेच्या घरात आणि पक्ष्यांच्या अडीचशेहून अधिक जाती नांदतात. सकाळी फाटक उघडताच आत शिरावे. डबा पिशवीत झाकून ठेवावा, कारण लेण्यांवरची माकडे हातातला घास पळवतात. बिबट्यांचे रान आहे, तेव्हा मुलांना एकटे पुढे सोडू नये आणि ऊन उतरायच्या आत परतावे.

आता मुख्य मुद्दा. पुष्कळांची समजूत अशी की हा छंद श्रीमंतांचा. हातभर लांब भिंगाचा कॅमेरा, गळ्यात दुर्बीण, इंग्रजी पुस्तके हे सारे असल्याशिवाय यात पडू नये. कॅमेरा चांगला असला तर फोटो चांगला येतो हे खरेच. परंतु फुलपाखरू कुठे सापडेल हे कॅमेरा सांगत नाही. ते झाड सांगते. प्रत्येक जातीची मादी ठरावीक झाडांवरच अंडी घालते, कारण तिची अळी दुसरे काही खात नाही. म्हणून ज्याला झाडे ओळखता येतात, त्याला फुलपाखरे सापडतात. आणि झाडे ओळखणारी माणसे आपल्या घराघरांत आहेत. फक्त त्यांना आपण कधी विचारत नाही.

एका आश्विनात आई आणि माझी मुलगी दोघींना घेऊन मी कान्हेरीला गेलो होतो. आईचे बालपण कोकणात गेले. रस्त्याच्या कडेला पिवळ्या फुलांच्या झुडपांवर लहान पिवळी फुलपाखरे घिरट्या घालत होती. मुलगी मोबाईल घेऊन त्यांच्यामागे धावत होती. एकही फोटो धड येईना. आई म्हणाली, "अगो बाय, धावतेस कशाला? हा टाकळा आहे. पाखरू ह्याच्यावरच परत येणार. बस इथे." खरोखरच एक मादी परतली, पानावर क्षणभर टेकली आणि तांदळाच्या कणीहूनही बारीक, पांढरे अंडे ठेवून गेली. ते कॉमन ग्रास यलो नावाचे फुलपाखरू. टाकळ्यासारख्या झाडांवरच त्याची अळी वाढते.

"पण आजी, तुला कसं माहीत?"

आई थोडा वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "ह्याच्या भाजीवर आम्ही अख्खा पावसाळा काढायचो. घरात दाणा नसायचा. सकाळी टाकळा खुडायला गेलं की ही पाखरं उठायची."

ही गोष्ट तिने मलाही पूर्वी सांगितली नव्हती. गरिबीची भाजी म्हणून टाकळ्याचे नाव आमच्या घरात निघतच नसे. तिच्या नातीने मात्र वहीत तारीख लिहिली, झाडाचे नाव लिहिले आणि पुढे लिहिले, 'माहिती : आजी'.

घोळीच्या भाजीचेही तसेच. तीही आपल्या मायमाउल्यांनी शेताच्या बांधावरून खुडून आणलेली. या घोळीवर डॅनेड एगफ्लाय नावाच्या फुलपाखराची अळी पोसते. त्याची मादी मोठी चतुर. ती दिसायला हुबेहूब प्लेन टायगरसारखी, तांबूस नारिंगी रंगाची. प्लेन टायगर वाढते रुईवर. रुईच्या चिकाचे विष अळीपासून थेट फुलपाखराच्या अंगात उतरते, म्हणून एकदा चव घेतलेला पक्षी पुन्हा त्याच्या वाटेला जात नाही. घोळीवरच्या मादीत विष नाही, पण तिने वेष मात्र विषारी फुलपाखराचा घेतला आहे. ओळखायचे कसे? मागच्या पंखाच्या मध्यावर पाहा. प्लेन टायगरच्या तिथे तीन-चार काळे ठिपके असतात, नकल करणाऱ्या मादीच्या पंखावर एकच. फोटोचा खरा उपयोग इथे होतो. उडत्या फुलपाखराचे ठिपके मोजता येत नाहीत, फोटोतले येतात.

ओढ्याच्या काठी ओल्या वाळूवर फुलपाखरांचा घोळका बसलेला दिसला तर तिथेच थांबा. याला चिखलपान म्हणतात. बहुतेक नर असतात आणि ओल्या मातीतले क्षार शोषून घेत असतात. त्या वेळी ते इतके गुंग असतात की हळूच बसून सरकत गेल्यास हातभर अंतरावरून फोटो मिळतो. नशीब जोरावर असले तर ब्लू मॉरमॉनही दिसते. काळ्या मखमलीवर निळे पट्टे, आणि आकाराने वीतभर. २०१५ साली महाराष्ट्राने त्याला राज्य फुलपाखरू म्हणून घोषित केले. असे करणारे आपले देशातले पहिले राज्य.

कारवीची हकीकत सांगायलाच हवी. या रानातली कारवी आठ वर्षांतून एकदाच सामूहिक फुलते. २०१६ मध्ये फुलली, त्यानंतर २०२४ मध्ये. त्या वेळी डोंगरउतार जांभळे होतात आणि मधमाश्या, फुलपाखरे त्यावर तुटून पडतात. आता पुढचा बहर २०३२ च्या सुमारास. आपल्यापैकी कित्येकांचे गावाकडचे घर याच कारवीच्या कुडाचे होते. वर माती आणि शेणाचा गिलावा. आपल्या घराच्या भिंतीतली काठी कधी काळी फुलली होती, हे मुलांना सांगण्यासारखे आहे.

पक्ष्यांसाठी युक्ती निराळी. फुलपाखरू झाडावर शोधायचे, पक्षी मात्र बसून ऐकायचा. एखाद्या लेण्याच्या ओट्यावर, पोढीपासून थोडे दूर, वीस मिनिटे न बोलता बसावे. पहिली पाच मिनिटे काहीच दिसत नाही. मग 'टुक् टुक् टुक्' असा भांड्यावर ठोके दिल्यासारखा आवाज येतो. तो तांबट. नाचण शेपटीचा पंखा पसरून फांदीवर नाचू लागतो. बुलबुल पाण्यावर उतरतात. पावसाळा सरला की वेगवेगळ्या जातींचे लहान पक्षी एकत्र टोळीने किडे टिपत फिरतात. त्यांच्याबरोबर शेपटीला दोन लांब तारा आणि टोकाला पिसे असलेला पल्लवपुच्छ कोतवालही असतो, आणि तो इतर पक्ष्यांच्या आवाजांची हुबेहूब नक्कल करतो. ओढ्यातल्या खडकावर शेपूट सारखी वरखाली करणारा, पिवळ्या पोटाचा करडा धोबी दिसला, तर मुलांना आवर्जून दाखवा. मूठभर जीव, पण उन्हाळा हिमालयात किंवा त्याही पलीकडे काढून तो आपल्याकडे आलेला असतो.

ही नावे मराठीत मिळावीत म्हणून मारुती चितमपल्ली यांनी आयुष्य वेचले. वनखात्यात नोकरी करताना रानातल्या माणसांकडून त्यांनी शब्द गोळा केले आणि पक्षिकोश सिद्ध केला. २०२५ मध्ये त्यांचे निधन झाले. आजीला विचारून वहीत नाव लिहिणारे मूल त्यांचेच काम लहान प्रमाणात पुढे नेत असते.

फोटो काढणाऱ्यांसाठी चार गोष्टी. सकाळी आठ-नऊच्या सुमारास फुलपाखरे पंख उघडून ऊन खात बसतात, तीच वेळ साधावी. आपली सावली त्यांच्यावर पडू देऊ नये. सावली पडताच ती उडतात. पंख मिटलेले असतील तर बाजूने, उघडे असतील तर वरून फोटो घ्यावा. आणि फुलपाखराबरोबर झाडाच्या पानाचाही एक फोटो हवाच.

न करायच्या गोष्टीही आहेत. फुलपाखराला चिमटीत धरू नये, पंखांवरची खवल्यांची भुकटी एकदा गेली की परत येत नाही. पक्ष्याला बोलावण्यासाठी मोबाईलवर त्याचाच आवाज वाजवू नये, तो आपल्या हद्दीत शत्रू आला समजून हैराण होतो. घरट्याचा फोटो तर नकोच. आणि गवत तुडवीत आत शिरू नये, पायवाटेवरूनच जावे. वर्षावासाचा नियम ज्या कारणाने झाला, ते कारण आजही संपलेले नाही.

ज्यांना कान्हेरीला जाणे जमणार नाही, त्यांनी खिडकीत कढीपत्त्याची कुंडी ठेवावी. त्यावर कॉमन मॉरमॉन अंडी घालते. अळी लहानपणी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, ती मारू नका. थोडी पाने तिच्या वाट्याला जाऊ द्या. वसाहतीत उंच अशोकाची झाडे असतील तर त्यांवर हिरव्या ठिपक्यांचे टेल्ड जे शोधा. विहाराच्या आवारातल्या पिंपळाला फळे धरली की तांबट येतो, आणि आपला राज्यपक्षी हरियलही येऊ शकतो. दहा-वीस रुपयांची वही पुरते. तारीख, वेळ, झाड आणि पाहिलेला जीव, एवढेच लिहायचे. झाडाचे नाव अडले तर पुस्तक शोधण्याआधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा. त्यांनी उपासमारीच्या दिवसांत मिळवलेले हे ज्ञान त्यांच्याबरोबरच संपून जाऊ देऊ नका.