नऊवारी आणि नऊ आकडे

अमेरिकेत माणसाचं नाव फक्त हाक मारण्यापुरतं. खरा माणूस म्हणजे त्याचा ९ आकडी सोशल सिक्युरिटी नंबर. धंद्याचंही तेच. राज्य सरकारच्या दरबारी त्याचं बारसं करायचं आणि मग केंद्र सरकारकडून त्याला ९ आकडे आणायचे. त्याचं नाव एम्प्लॉयर आयडेंटिफिकेशन नंबर, लाडाने ईआयएन.

न्यू जर्सीतल्या आमच्या घराच्या तळघरात आमची ही लहान मुलींसाठी शिवलेल्या नऊवारी साड्या करते. गणपती जवळ आले की मंडळातल्या आया आमच्याकडे रांग लावतात. शेवटी हिने रीतसर कंपनी काढली आणि खातं उघडायला बँकेत गेली. तिथल्या बाईने पहिलाच प्रश्न टाकला, "ईआयएन?" धंद्यात नोकर एकही नसला तरी बँका तो बहुधा मागतातच. तसा एक नोकर आहे. काज-बटणं आणि पार्सलं त्याच्याकडे असतात. पण तो नवरा असल्यामुळे बिनपगारी!

एक स्नेही म्हणाले, "वहिनी, अडीचशे डॉलरांत करून देणारा माणूस आहे माझ्याकडे." वास्तविक इंटरनल रेव्हेन्यू सर्व्हिस, म्हणजे इथलं आयकर खातं, हा नंबर फुकट देतं. हे ऐकून स्नेह्यांचा चेहरा पडला. कराचं खातं फुकट काही देतं म्हणजे त्यात नक्की काहीतरी गोम असणार, असं त्यांचं मत.

या अर्जाचं नाव एसएस-४. घरबसल्या संगणकावरही भरता येतो, पण एका बैठकीत. अर्धा भरून ठेवायची सोय नाही, आणि १५ मिनिटं हात हलला नाही की पुन्हा श्रीगणेशा. म्हणून हिने आधी चहा घेतला, कुकर उतरवला आणि आईचा ठाण्याहून फोन आला तर घ्यायला मला बसवलं.

मग तो प्रश्न आला : या धंद्याची जबाबदार व्यक्ती कोण? एकाच माणसाचं नाव लिहा.

मी सवयीने घसा खाकरला. ही १९९८ साली इथे आली ती माझी 'अवलंबित' म्हणून. त्या व्हिसावर तिला नोकरी करायची बंदी. ग्रीन कार्ड येईपर्यंत सात वर्षं प्रत्येक कागदावर मुख्य मी, अवलंबित ही. घरात कोण कोणावर अवलंबून होतं हे विचारायला मात्र कुठल्याच फॉर्मवर रकाना नव्हता.

तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. स्वतःचं नाव टाइप केलं, स्पेलिंग दोनदा तपासलं आणि बटण दाबलं. क्षणात नंबर पुढ्यात! आधी दोन आकडे, मग रेघ, मग सात. सोबत आलेलं सीपी ५७५ नावाचं पत्र छापून तिने आधी देवापुढे ठेवलं आणि मग फाइलला लावलं.

"नऊवारीला नऊ आकडे. बरोबर जमलं," ती म्हणाली.

हा नंबर एकदा दिला की धंदा बंद पडला तरी दुसऱ्या कोणाला देत नाहीत. वडाला सूत गुंडाळून नवऱ्याची खात्री फक्त सात जन्मांची. नंबराला ती मुदतही नाही आणि त्याच्यासाठी उपासही नाही.