आईंच्या जेवणातली कॅप्सूल



गेल्या वर्षी दशलक्षण पर्वात संध्याकाळची आरती आटोपून आम्ही मंदिराच्या पायऱ्या उतरत होतो. सासूबाईंचा पाय शेवटच्या पायरीवर चुकला. नशिबाने मी हात धरला होता. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया दोन वर्षांपूर्वीच झालेली, दिवसा तांदूळ निवडायला बसल्या की माझ्या नजरेतून सुटलेला खडा त्या काढतात. पण दिवेलागणीला घरातल्या घरात भिंत चाचपत चालायच्या. वय झालं, असं आम्ही सगळ्यांनी धरलं होतं.

वजनही उतरत होतं. आणि एक गोष्ट त्यांनी चार महिने लपवली, मलाही लाजत लाजत सांगितली. शौचाला तेलकट होतं, पाण्यावर तरंगतं, कितीही पाणी ओता जात नाही. मी शहाणपणा केला, तूप पचत नाही म्हणून ताटातलं तूप बंद केलं. ती माझी चूक.

डॉक्टरांनी स्कॅन केला तर स्वादुपिंडात खडे. पहिला प्रश्न, "दारू?" पाणी गाळून पिणाऱ्या बाईला! आईंचा चेहरा बघवेना. मग त्यांनीच समजावलं की आपल्या देशात दारूला कधी न शिवलेल्या पुष्कळ लोकांना हा आजार होतो. हे मुद्दाम लिहिते, कारण आपल्यात लोक पाठीमागे कुजबुजतात.

मला जे समजलं ते असं. स्वादुपिंडातून रोज लिटर-दीड लिटर पाचक रस आतड्यात येतो. त्यातलं लायपेज तूप-तेल फोडतं. या रसाचा साठा इतका मोठा की नव्वद टक्के ताकद जाईपर्यंत तूप पचायचं थांबत नाही, म्हणून आजार उशिरा कळतो. पण एकदा थांबलं की तुपाबरोबर ए, डी, ई आणि के ही चारही जीवनसत्त्वं वाया जातात. दुधा-तुपातलं जीवनसत्त्व ए स्निग्धाम्लाला जोडलेलं असतं, ते सुटं करायलाही हाच रस लागतो, आणि मग पित्ताच्या मदतीने ते आत शिरतं. अंधुक उजेडात बघायला डोळ्याला तेच लागतं. ते कमी पडलं की आधी संध्याकाळ जाते. आपण गाजर खात नाही, पण लाल भोपळा, पपई, शेवग्याचा पाला आमच्या घरात भरपूर. त्या सगळ्यालाही स्निग्धांश पचल्याशिवाय अर्थ नाही. मलाच्या तपासणीत इलास्टेज दोनशेच्या वर हवं, आईंचं चाळीस निघालं.

औषध म्हणजे तोच रस बाहेरून द्यायचा, कॅप्सूलमधून. घरी येऊन मी आतला कागद वाचला. बिस्किटाच्या पुड्यावरही हिरवा ठिपका शोधायची सवय, औषधावर तो नसतो. कागदावर होतं, डुकराच्या स्वादुपिंडापासून. वरचं कवचही जिलेटिनचं.

दोन दिवस ते पाकीट माझ्या कपाटात पडून होतं. हे म्हणाले, "औषध आहे, आईला सांगू नकोस." ज्या घरात मध येत नाही, तिथे मी जेवणाच्या ताटाशी हे न सांगता ठेवायचं? मी डॉक्टरांना परत भेटले. बुरशीपासून केलेली पाचक औषधं मिळतात, पण या आजारात त्यांचा तेवढा भरवसा नाही, असं ते म्हणाले. जीवनसत्त्व ए मात्र इंजेक्शनने देता येतं, कारण तोंडाने दिलेलं नीट शोषलंच जात नव्हतं.

मग आईंना सांगितलं. त्या गप्प राहिल्या. सामायिक करून उठल्या आणि विचारलं, "किती दिवस घ्यायचं?"

"जन्मभर, आई."

"मग नको."

सात आठवडे बुरशीचं औषध घेतलं. इंजेक्शनांनी संध्याकाळ परत आली, आरतीची ज्योत नीट दिसते म्हणाल्या. पण वजन आणखी तीन किलोने उतरलं आणि हाडं दुखू लागली. एका सकाळी अभिषेकाला उभं राहवेना, भिंतीला टेकून बसल्या. त्याच दुपारी मला म्हणाल्या, "आण ते." बाकी काही बोलल्या नाहीत, मीही विचारलं नाही. साखर तेवढी सोडली, प्रायश्चित्त म्हणून. (ती डॉक्टरांनी सोडायला लावलीच असती, या आजारात मधुमेह पाठोपाठ येतो. हे मी त्यांना सांगितलेलं नाही.)

कॅप्सूल स्वयंपाकघरात येत नाही. दिवाणखान्याच्या खिडकीत वेगळ्या वाटीत असते. णमोकार म्हणून एक पहिल्या घासाबरोबर, दुसरी जेवणाच्या मध्ये. जेवल्यानंतर घेऊन उपयोग नाही, रस अन्नात मिसळायला हवा. चावायची नाही, गरम चहाबरोबर घ्यायची नाही. उपवासाला अन्न नाही, तर कॅप्सूलही नाही. ताटात तूप परत आलंय.

एक विनंती. हे वाचून कुणी आपल्या मनाने जीवनसत्त्व ए चालू करू नका. जास्त झालं तर यकृताला बाधतं, गरोदर बाईच्या बाळालाही. तपासून घ्या.

"लिही, पण माझं नाव घालू नकोस," आईंनी बजावलंय. दर महिन्याला मी पाकीट आणायला निघाले की त्या दारापर्यंत येतात आणि विचारतात, "दुसरं काही निघालंय का, विचारशील?" मी विचारते. दुकानदार आता मला बघितलं की आधीच मान हलवतो.