अप्रिय सत्य

विमानात बसण्याचा योग मला वयाच्या पासष्टाव्या वर्षी आला. धाकट्या चिरंजीवांच्या मुलाची मुंज दिल्लीस होती, आणि थोरल्या सूनबाईंनी आग्रहाने माझे तिकीट आपल्या सोबत काढले. आयुष्य सारे एस.टी. आणि आगगाडी यांत गेलेल्या मास्तराला ढगांच्या वर बसून चहा पिणे ही मोठीच चैन वाटली. परंतु ती चैन अर्धा तासही टिकली नाही. उजव्या अंगाकडून खडखडाट झाला, आसन थरथरले आणि यंत्राचा तो नेहमीचा घोष एकाएकी उतरला. विमानभर कुजबुज उठली. माझ्या ओठांवर रामरक्षा आपोआप आली.

काही मिनिटांनी मुख्य वैमानिकाचा आवाज ऐकू आला. एक एंजिन बिघडल्यामुळे बंद केले आहे. दुसरे व्यवस्थित चालू आहे आणि तेवढ्यावर विमान सुरक्षित उतरविता येते. आपण मागे फिरलो आहोत. सर्वांनी पट्टे बांधून बसावे. एवढेच तो बोलला. आता आकांत होईल अशी माझी समजूत. पण झाले उलटेच. कुजबुज थांबली. सूनबाई हळूच म्हणाल्या, “बाबा, काय झालंय ते कळलं ना, की भीती निम्मी होते.”

हे साधे वाक्य माझ्या काळजात रुतून बसले. ते का, हे पुढे सांगतो. विमान सुखरूप उतरले आणि दुसऱ्या दिवशी आम्ही आगगाडीने दिल्ली गाठली.

तेथे चिरंजीवांनी मला एक जुनी हकिकत सांगितली. मागाहून मी ती स्वतःही वाचली. २४ जून १९८२ ची रात्र. ब्रिटिश एअरवेजचे एक बोइंग ७४७ विमान लंडनहून निघून, मुंबईवरून क्वालालंपूरला येऊन, पुढे ऑस्ट्रेलियातील पर्थकडे चालले होते. आत २४८ प्रवासी आणि १५ कर्मचारी. जावा बेटाजवळ, ३७,००० फूट उंचीवर, समोरच्या काचेवर ठिणग्या नाचू लागल्या, आत गंधकाच्या वासाचा धूर भरला आणि पाहता पाहता चारही एंजिने बंद पडली. गलुंगुंग नावाच्या ज्वालामुखीने आकाशात उधळलेल्या राखेत विमान शिरले होते. विमानातील रडार पाण्याचा अंश असलेले ढग दाखविते. ही राख कोरडी, म्हणून ती दिसली नाही. अर्थात हे कारण वैमानिकांना त्या वेळी ठाऊक नव्हते. ठाऊक होते ते इतकेच, की चार एंजिनांचे विमान आता घारीप्रमाणे पंखांवर तरंगत खाली येत आहे.

आधी विमान सांभाळावे, मग दिशा पाहावी आणि त्यानंतर बोलावे, असा वैमानिकांच्या शिक्षणात क्रम असतो. कप्तान एरिक मूडी यांनी तो पाळला. एंजिने पुन्हा पुन्हा सुरू करून पाहणे चालूच होते. सहवैमानिकाचा प्राणवायूचा मुखवटा मोडलेला निघाला, तेव्हा उंची हेच उरलेले एकमेव भांडवल असताही, सोबत्याला श्वास घेता यावा म्हणून त्यांनी विमान वेगाने खाली आणले. आणि मग ते प्रवाशांशी बोलले. एक छोटी अडचण आहे, चारही एंजिने बंद पडली आहेत, ती सुरू करण्याची आम्ही शिकस्त करीत आहोत, आपणांस फार त्रास होत नसेल अशी आशा आहे, असे त्या निवेदनाचे तात्पर्य होते. सत्य पुरते सांगितले. पण स्वर असा, की ऐकणाऱ्याचा धीर सुटू नये!

विमान राखेच्या थराखाली येताच एंजिनांत वितळून चिकटलेली राख थंड होऊन तडकली आणि ती एकेक करून सुरू झाली. एक पुन्हा बंद करावे लागले. राखेने घासून समोरची काच आंधळी झाली होती. तरीही विमान जकार्तास उतरले आणि सर्वच्या सर्व जीव वाचले.

आता माझी गोष्ट. सात वर्षांपूर्वी माझ्या पत्नीला असाध्य रोग जडला. डॉक्टरांनी ते मला आणि मुलांना दवाखान्याच्या ओसरीवर सांगितले, आणि तेथेच उभ्या उभ्या आम्ही ठरविले, की तिला कळू द्यायचे नाही. पाच महिने ती अंथरुणावर होती. “अहो, मला नेमकं झालंय तरी काय?” असे तिने दोनतीनदा विचारले. “अशक्तपणा आहे. दिवाळीपर्यंत हिंडूफिरू लागशील,” असे मी दर वेळी सांगत गेलो. मग तिने विचारणे सोडून दिले. दिवाळी तिने पाहिली नाही.

अप्रिय सत्य बोलू नये, या वचनाचा आधार मी मनाशी घेतला होता. ज्या श्लोकात ते आहे, त्याच श्लोकात पुढे, प्रिय असले तरी असत्य बोलू नये, असेही बजाविले आहे. तीस वर्षे तो श्लोक मी मुलांकडून पाठ करून घेतला. घरी मात्र त्याचा सोयीचा अर्धाच भाग पाळला.

विमान परत उतरल्यावर त्या संध्याकाळी विमानतळाच्या बाकावर सूनबाईंना मी हे बोलून दाखविले. त्या बराच वेळ खाली मान घालून बसल्या. मग म्हणाल्या, “बाबा, आईंना सगळं ठाऊक होतं. मला म्हणाल्या होत्या, ‘मला कळलंय हे ह्यांना कळू देऊ नकोस. त्यांना सोसायचं नाही.’”

एकाच खोलीत, एकाच सत्याचे ओझे घेऊन, आम्ही दोघे पाच महिने एकेकटे बसलो होतो! चाळीस वर्षांच्या संसारानंतर तिला मला काही सांगायचे असेल, काही विचारायचे असेल. ते सारे तसेच राहिले.

गेल्या महिन्यात आमचे वडील बंधू आजारी पडले. पुन्हा तीच ओसरी, तीच कुजबुज. या वेळी मी पुतण्यांची समजूत घातली आणि दादांच्या उशाशी जाऊन बसलो. आजार काय आहे, डॉक्टर काय करीत आहेत आणि आम्ही सारे कोठे आहोत, एवढ्या तीनच गोष्टी शांतपणे सांगितल्या. दादांनी डोळे मिटून घेतले. माझ्या छातीत धडधडू लागले. थोड्या वेळाने त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाले, “बरं झालं सांगितलंस. आता वहिनीला आत पाठव, आणि दार लोटून घे.”

मी बाहेर आलो आणि दार लोटून घेतले.