बारा फेरे

अबू धाबीत काय काम करतोस, असं गावाकडे कोणी विचारलं की मी "पंप आणि मोटरी दुरुस्त करतो" असं सांगतो. खरं तर दिवसातला बराच वेळ त्या उचलण्यातच जातो.

मोटर उचलायची तर तिच्या आटेदार भोकात आयबोल्ट बसवायचा. एम २० चा आयबोल्ट एका फेऱ्यात अडीच मिलिमीटर आत जातो. पोलादात व्यासाच्या दीडपट, म्हणजे ३० मिलिमीटर आटे धरायला हवेत. झाले बारा फेरे. अशी चार भोकं. हातात मोजे, भोकात वाळू आणि डोक्यावर ऑगस्ट. उन्हाळ्यात साडेबारा ते तीन उघड्यावर काम बंद असतं, म्हणून बाराला सगळ्यांची घाई. दापोलीचे चाचा आमचे सगळ्यात जुने रिगर. ते म्हणतात, "साहेब, नवव्या फेऱ्यालाच बसल्यासारखा वाटतो."

मागच्या उन्हाळ्यात दोन टनांची मोटर वीतभर उचलली आणि एक आयबोल्ट वाकला. खांद्याखाली फट राहिली होती. मोटर लगेच खाली ठेवली, कोणाला लागलं नाही. अहवालात 'निष्काळजीपणा' लिहिलं गेलं. मला तो शब्द अजून पटलेला नाही. उन्हात अठ्ठेचाळीस फेरे मोजायला लावायचे आणि माणूस चुकला की त्याला नाव ठेवायचं!

मग झटपट बसणाऱ्या पिना आल्या. बटण दाबलं की आट्यांचे तुकडे छत्रीच्या काड्यांसारखे आत मिटतात. पिन भोकात सरकवायची, बटण सोडायचं. तुकडे फाकून भोकाच्या आट्यांत बसतात. थोडं पिळून खांदा टेकवला की झालं. भोकाचे आटे झिजलेले असतील तर मात्र ही पिनही कामाची नाही. स्लिंगचा कोनही तीच पाहणार नाही. दोन पायांची स्लिंग आडव्याशी ६० अंशांत असेल तर दोन टनांपैकी एकेका पायावर साधारण १.१५ टन येतात. ३० अंशांत पूर्ण दोन-दोन टन.

महाग म्हणून त्या पिना आधी स्टोअरच्या कपाटात कुलपात गेल्या. प्रत्येक वेळी सही, म्हणून माणसं पुन्हा आयबोल्टकडे वळली. दोन आठवडे भांडून मी ती पेटी क्रेनजवळ आणवली. किल्ली चाचांकडे असते. भार घेण्याआधी ते प्रत्येक बटण पूर्ण वर आलंय का, हे अंगठ्याने चाचपतात आणि मोठ्याने चारपर्यंत मोजतात.