नकाशातील तुटक रेषा

सांगलीच्या गणपती पेठेत आप्पांची हळदीची पेढी आहे. पेढीच्या भिंतीवर २००५ च्या महापुराची खूण होती. तिच्या दोन हात वर फळ्या ठोकल्या की माल सुरक्षित, असा त्यांचा हिशेब. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेने ५७ फुटांची पातळी ओलांडली आणि तो हिशेब पोत्यांसह पाण्यात गेला.

पाणी ओसरल्यावर आप्पांना उमगले, की एका भिंतीवरची खूण म्हणजे सारी पेठ नव्हे. रस्त्याचा उंचवटा कोठे, पाणी आधी कोणत्या बोळात शिरते, हातगाडी शेवटपर्यंत कोठून निघते, हे ज्ञान जाणत्यांच्या स्मरणात विखुरलेले होते. आणि जाणती माणसे एकेक करून जात होती.

त्यांनी नकाशा करण्याचे ठरविले. पेढीच्या संगणकावर पॉवरपॉइंट होतेच. नातीने ते शिकविले. पानाचा आकार ए-थ्री, म्हणजे ४२ बाय २९.७ सेंटिमीटर ठेवला. एक सेंटिमीटर म्हणजे दहा मीटर, हे प्रमाण धरले; त्यामुळे ४२० मीटर लांबीचा भाग एका पानावर मावला. टेपने मोजलेली अंतरे घेऊन ‘फ्रीफॉर्म’ने कोपऱ्या-कोपऱ्यावर टिचकी देत दुकाने उभी राहिली. चुकलेला कोपरा ‘एडिट पॉइंट्स’ने सरकविता येई. ‘सिलेक्शन पेन’मध्ये प्रत्येक आकृतीला नाव दिले. मग त्याच पानाच्या प्रती काढून ४०, ४५, ५० आणि ५५ फुटांसाठी वेगवेगळी पाने केली. प्रत्येकावर पाण्याचा पारदर्शक निळा पट्टा.

एका बोळावर मात्र काम अडले. ४५ फुटांना तेथे पाणी येते, असे एक शेजारी म्हणाले; दुसऱ्यांनी ठामपणे नाकारले.

“आजोबा, अंदाजाने काढू या ना. कोणाला कळणार आहे?” नात म्हणाली.

“बाळ, साक्ष नसलेली रक्कम आपण पक्क्या वहीत चढवतो का? या रेषेवर विश्वासून कोणी आपला माल ठेवील.”

त्यांनी तेथे तुटक रेषा ओढली.

जुलै २०२१ मध्ये कृष्णा पुन्हा पात्राबाहेर आली. पातळी ४० फुटांच्या इशाऱ्याकडे चढू लागताच नकाशाच्या छापील प्रती दुकानोदुकानी गेल्या आणि सखल बोळांतील माल आधी हलला. आप्पांची पोती वेळेत गावाबाहेरच्या गोदामात पोहोचली. मागे राहिलेले आप्पा छत्री घेऊन त्या वादाच्या बोळाच्या तोंडाशी उभे होते. पुलावरची पातळी ४५ झाल्याचे कळले, तेव्हा पाणी बोळाच्या निम्म्यापर्यंत आले होते. दोन्ही शेजारी अर्धे खरे होते.

पूर ओसरल्यावर पेढी धुऊन झाली, तशी आप्पांनी ती रेषा बोळाच्या मध्यावर सरकविली आणि अखंड केली. नकाशाच्या कोपऱ्यात त्यांनी आणखी एक ओळ लिहिली: ‘स्वतः पाहून दुरुस्त केले.’