आईची वही

१८ जानेवारी १९८२ला मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मी सातवीत होते. आमचे अण्णा साचेखात्यात होते. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्या संपात उतरले. डेलाइल रोडच्या आमच्या बीडीडी चाळीत गिरणीशी संबंध नाही अशी खोली शोधावी लागली असती. पगारवाढ, बोनस, बदली कामगारांना कायम करणं, आपली युनियन आपण निवडण्याचा हक्क, या मागण्या आम्हा पोरांनाही पाठ होत्या, कारण व्हरांड्यात दुसरं बोलणंच नव्हतं. डॉ. दत्ता सामंतांचं नाव घेताना माणसांचा आवाज चढायचा. १९७४चा संप बेचाळीस दिवसांत मिटला होता, तेव्हा हाही फार तर होळीपर्यंत जाईल असं सगळे धरून चालले होते. हा मिटलाच नाही. संप मागे घेतला असं रीतसर कुणी जाहीरही केलं नाही.

त्या दिवसांत आमच्या घरात देवावरचा विश्वास कसा नांदला, ते मला लिहायचं आहे. ‘देव देईल’ हे वाक्य मी पुढच्या आयुष्यात पुष्कळांच्या तोंडून ऐकलं. माझ्या मनात मात्र ते अण्णांच्या आवाजातच येतं, आणि त्याच्या मागोमाग आईचा आवाज येतो.

अण्णा माळकरी. गाव पाटण तालुक्यातलं. संध्याकाळचा हरिपाठ, एकादशीचा उपास, आषाढीला रजा मिळाली तर पंढरपूर, नाही मिळाली तर चाळीच्या भजनात रात्रभर टाळ. घर एकशे साठ चौरस फुटांचं. त्यात आम्ही पाच माणसं आणि वर आईची खाणावळ. गावाकडची एकटी राहणारी गडीमाणसं गावकीच्या खोलीत पाळीपाळीनं झोपायची आणि जेवायला आमच्याकडे यायची. माळकऱ्याच्या घरची खाणावळ म्हणजे मटण-मासे नाहीत. ज्यांना बोंबील-सुकटीवाचून घास उतरत नसे ते दुसरीकडे जात. आमच्याकडे भाकरी, कालवण, भात, सणाला पुरणपोळी. पगार झाला की महिन्याचे पैसे यायचे, आणि आई लाल पुठ्ठ्याच्या वहीत नावापुढे रेघ मारायची. तिला लिहिता येत होतं ते चौथीपर्यंतचं, पण हिशोब चोख.

संप लागला आणि दोन्ही मिळकती एकदम थांबल्या. हे बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही. गिरणी बंद म्हणजे फक्त गिरणीतला पगार बंद नव्हे. खाणावळ, पानाची गादी, चहाचं दुकान, भाजीवाली, सगळ्यांच्या चुली त्या एका भोंग्यावर पेटायच्या. जेवणाऱ्यांपैकी निम्मे लोक गावी गेले. उरलेले ताटावर यायचे आणि मान खाली घालून म्हणायचे, “वहिनी, लिहून ठेवा.” आई लिहून ठेवायची. गिरणगावात अनेक खाणावळवाल्या बायकांनी त्या वर्षी हेच केलं. प्रेमाताई पुरवांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढून अशा बायकांना बँकेचं कर्ज मिळवून द्यायला सुरुवात केली होती. आमची आई त्यात नव्हती. तिचं भांडवल म्हणजे वाण्याची उधारी आणि स्वतःचं डोरलं.

डोरलं मे महिन्यात गहाण पडलं. त्याआधी तांब्याचा हंडा मोडीत गेला होता.

अण्णा म्हणायचे, “पांडुरंग बघून घेईल.” आई म्हणायची, “त्यानं बघायला हरकत नाही, पण वाणी माझ्याकडं बघतोय.” दोघं भांडायची असं नाही. दोघांचा देव एकच होता, दोघांची त्याच्याशी बोलायची रीत वेगळी होती. अण्णांना तुकोबांची गोष्ट फार प्रिय. १६३०चा दुष्काळ, घरची सावकारी बुडाली, पहिली बायको आणि मुलगा गेले, आणि मग तुकोबांनी लोकांकडून येण्याची खतं इंद्रायणीत सोडून दिली. एका रात्री आई कंदिलाच्या उजेडात वहीतल्या बाक्या जोडत होती. त्या महिन्यांत वीजबिल भरलं नव्हतं. अण्णा म्हणाले, “कशाला जोडतीस? त्यांच्याकडं असतं तर त्यांनी ठेवून घेतलं असतं का? सोडून दे तुकोबासारखं.” आईनं मान वर केली नाही. म्हणाली, “तुकोबानं कान्होबाची निम्मी खतं आधी बाजूला काढून दिली, मग आपली बुडवली. यातली निम्मी बाकी वाण्याची हाय. ती मी कशी बुडवू?”

अण्णा गप्प झाले. आईनं कीर्तन नीट ऐकलं होतं. भावाच्या वाट्याची खतं भावाला देऊन मग स्वतःच्या वाट्यावर पाणी सोडलं, हा त्या गोष्टीचा निम्मा भाग आहे आणि सांगताना तो बहुतेक वेळा गळतो. आपल्या हक्काचं सोडणं ही भक्ती. दुसऱ्याचं देणं बुडवून देवाचं नाव घेणं ही भक्ती नव्हे. आजही मला यात शंका नाही.

मला स्वतःला त्या वयात दामाजीपंतांची गोष्ट खरी वाटायची. मंगळवेढ्याचं धान्याचं कोठार भुकेल्यांना लुटू दिलं म्हणून बादशहानं दामाजीला पकडून बिदरला न्यायला शिपाई पाठवले, आणि देव विठू महाराच्या रूपानं दरबारात जाऊन मोहरा ओतून आला. आमचं कोठार म्हणजे पिठाचा डबा, पण आईही भुकेल्यांना देतच होती. तेव्हा आमच्याकडेही कुणीतरी यायला हवं होतं. दुपारी अनोळखी माणूस जिना चढताना दिसला की मी निरखून बघायची. रॉकेलवाला, विमा एजंट, कुणाचा तरी पाहुणा. मोहरांची थैली कुणाकडे नसायची.

आली ती चुलत्यांची बाचकी. एसटीच्या टपावर टाकून आणलेली ज्वारी, थोडी नाचणी, घेवडा. चुलत्यांची स्वतःची जमीन डोंगरउताराची, दोन वेळा पुरेल एवढी नाही. अण्णांनी पोतं उतरवून घेतलं आणि भावाच्या पायाला हात लावला. भाऊ धाकटा होता. चुलते कावरेबावरे झाले. रात्री अण्णा आईला म्हणाले, “बघ, त्यानं पाठवलं.” आई म्हणाली, “भावजींनी पाठवलं. त्यांच्या घरात आता काय उरलंय ते मला ठाव हाय.” आणि त्यातली चार पायली ज्वारी तिनं तिसऱ्या मजल्यावर नेऊन दिली, जिथं एका बदली कामगाराची बायको नुकती बाळंत झाली होती.

मी थोरली झाल्यावर या दोन वाक्यांचा फार विचार केला. कुणाचं बरोबर होतं हे ठरवायची मला कधी गरज वाटली नाही. अण्णांचं वाक्य नसतं तर त्या पोत्याचं ओझं त्यांना पेललं नसतं. धाकट्या भावाच्या तोंडचा घास घेणं त्यांच्यासारख्या मानी माणसाला मरणासारखं होतं, आणि देवाच्या हातून आलं असं मानलं म्हणूनच ते हात पुढे करू शकले. आईचं वाक्य नसतं तर चुलत्यांचे उपकार देवाच्या नावावर जमा होऊन विसरले गेले असते. ते विसरले गेले नाहीत. पुढे त्यांच्या मुलीच्या लग्नात आमच्या घरानं काय केलं ते गावाला माहीत आहे.

एका एकादशीच्या भजनाची आठवण तर मला शब्दाशब्दानं आहे. भजन संपल्यावर एका कोकणातल्या कामगारानं, सहसा न बोलणाऱ्या माणसानं, सांगितलं की घरात दोन दिवस चूल नाही. बाजूचे एक वडीलधारे गृहस्थ सहानुभूतीनंच म्हणाले, “विश्वास ठेवा. पांडुरंग उपाशी झोपवत नाही.” अण्णा वीणा उतरवून ठेवत होते. ते वळले. त्यांचा आवाज मी कधीच तसा ऐकला नव्हता. “तो बघेलच. आपण काय बघणार ते बोला. हे वाक्य आपल्या ताटावर बसून आपल्यापुरतं बोलायचं असतं, दुसऱ्याच्या रिकाम्या ताटाला ऐकवायचं नसतं.”

त्या दिवसापासून भजनाला येणारा प्रत्येक जण मूठभर धान्य आणायला लागला. पेटीवाल्याच्या दाराशी एक पत्र्याचा डबा ठेवला होता. तांदूळ, ज्वारी, डाळ सगळं एकत्र पडायचं आणि बायका दुसऱ्या दिवशी ते निवडायच्या. ज्याला हवं त्यानं अंधार पडल्यावर यायचं. कोण आलं ते पेटीवाल्याच्या बायकोनं शेवटपर्यंत कुणाला सांगितलं नाही. आमच्या घरीही त्या डब्यातलं धान्य आलं का, हे मी आईला विचारलं होतं. तिनं उत्तर दिलं नाही, म्हणजे आलं असणार.

लोकांना वाटतं, श्रद्धा असलेला माणूस अशा दिवसांत शांत असतो. अण्णा शांत नव्हते. रात्री व्हरांड्याच्या टोकाला बसून ते रडायचे, मी पाहिलेलं आहे. हरिपाठ म्हणताना मध्येच थांबायचे आणि तीच ओळ पुन्हा धरायचे. भीती त्यांना आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त वाटत होती. फरक एवढाच की भीती वाटली म्हणून त्यांनी नेम मोडला नाही, आणि नेम चालू आहे म्हणून हातपाय हलवायचं थांबवलं नाही. दिवाळीनंतर ते भिवंडीला गेले. गिरणीतले कितीतरी साचेवाले तेव्हा तिकडच्या यंत्रमागांवर गेले. बारा तासांची पाळी, गिरणीपेक्षा खूप कमी मजुरी, रजा नाही, झोपायला मागाशेजारचीच जागा. पंधरवड्यानं घरी यायचे तेव्हा केसांत कापसाचा भुगा असायचा. गिरणी उघडल्यावर त्यांना परत घेतलं नाही. कितीतरी जणांना घेतलं नाही.

त्या सबंध काळात आम्ही उपाशी झोपलो का? झोपलो. चहा आणि पाव खाऊन शाळेत गेलो, एकादशी नसताना उपास झाले. थोरल्या भावाचं शिक्षण दहावीवर थांबलं, ते पुन्हा सुरू झालं नाही. देवानं सगळं निभावून नेलं असं मी म्हणाले तर ते त्याच्यावर अन्याय करणारं होईल. भाऊ आजही हरिपाठ म्हणतो. त्यानं मला कधी सांगितलं नाही की त्याचं काय देणं देवाकडे राहून गेलं आहे. आम्ही टिकलो, एकमेकांना धरून टिकलो, आणि त्या टिकण्यात कुणाचा तरी हात होता अशी माझी खात्री आहे. ही खात्री मी कुणाला पटवून देऊ शकत नाही, पण ती माझ्या हातून सुटतही नाही.

डोरलं सोडवायला पुष्कळ वर्षं लागली. वाण्याची उधारी त्याआधीच फिटली. आईनं ती आधी फेडायची असं ठरवलं होतं. वहीतल्या जेवणाऱ्यांपैकी काहींनी गावाहून थोडे थोडे पैसे पाठवले, काहींनी नाचणी पाठवली, काही परत दिसले नाहीत. अण्णा गेल्यानंतर एकदा एक तरुण पत्ता विचारत आला. त्याच्या वडिलांनी मरताना आमचं नाव सांगितलं होतं. त्यानं पाकीट पुढे केलं. मला वाटलं आई नको म्हणेल. आईनं फळीवरून वही काढायला लावली, चष्मा लावून नाव शोधलं, आकडा वाचला, पाकिटातले जास्तीचे पैसे मोजून परत केले आणि रेघ मारली. मग त्याला विचारलं, “आई हाय का रं तुझी? काय खाते-पिते?” आणि मला भाकरीचं पीठ मळायला सांगितलं.

वही आता माझ्याकडे आहे. रेघ न मारलेली नावं तीत अजून आहेत. ती वसूल करायची नाहीत हे आम्ही भावंडांनी ठरवलंय. वाण्याची निम्मी केव्हाच दिली गेली आहे, तेव्हा उरलेली सोडायला आम्ही मोकळे आहोत.